अर्ज विचाराधीन : साहित्याच्या पीएच.डी. प्रवेशाची एक प्रतीक्षा

या प्रकरणातली विद्यार्थिनी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. एम.ए. इंग्रजी, वय पंचवीस. वडील साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून, आई घरी शिलाई करते. स्वतः ती तालुक्यातल्याच एका महाविद्यालयात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवत होती. डिसेंबर २०२४ मध्ये तिने अमेरिकेतल्या सात विद्यापीठांत साहित्याच्या पीएच.डी.साठी अर्ज केले. एम.ए.ला मी तिला शिकवलं होतं आणि तिच्या तीन शिफारसपत्रांपैकी एक माझं होतं. अर्ज गेल्यापासून एप्रिल २०२५ च्या मध्यापर्यंत आमचं बोलणं सतत चालू होतं. तिच्या संमतीने हे लिहिते आहे. तिचं नाव, तिने निवडलेल्या विभागांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

अर्ज कसा भरावा हे सांगणारे आता गावोगाव भेटतात. एसओपी (अर्जासोबतचं उद्देशाचं निवेदन) कसा लिहावा, प्राध्यापकांना ईमेल कशी करावी, फी माफी कशी मागावी, सगळं सांगतात. अर्ज पाठवल्यानंतरच्या चार-पाच महिन्यांबद्दल मात्र कोणी बोलत नाही, आणि माझ्या मते उमेदवार सर्वांत जास्त खचतो तो त्याच काळात. कारण शांततेचा अर्थ तो स्वतःवर घेतो. समोरून काही येत नाही म्हणजे आपलं काम आवडलं नाही, आपली भाषा कमी पडली, आपण तालुक्याच्या गावचे आहोत हे त्यांना कळलं. प्रत्यक्षात त्या दिवसांत विभाग बहुतेक वेळा तिच्याविषयी काही ठरवतच नसतो. पैशाचा आकडा येण्याची, वरच्या कार्यालयाच्या मंजुरीची, दुसऱ्या कोणाच्या होकाराची वाट तोही बघत असतो. या प्रकरणात ते फार स्पष्ट दिसलं, म्हणून ते नोंदवून ठेवावंसं वाटलं.

मराठी घेऊन कोणत्या दाराने जायचं

तिचा विषय पन्नास-साठच्या दशकांतली मराठी लघुअनियतकालिकं. ‘शब्द’, ‘असो’, ‘वाचा’ यांसारखे अंक. काही सायक्लोस्टाइल केलेले, काही पदरमोड करून छापलेले, ओळखीपाळखीत हातोहात फिरलेले. ते काढणारे आणि त्यांत लिहिणारे अरुण कोलटकर, दिलीप चित्रे यांच्यासारखे काही कवी मराठी आणि इंग्रजी दोन्हींत वावरत होते. तिचा प्रश्न तिथूनच सुरू होत होता : जगभरची नवी कविता अधाशासारखी वाचणारी ही माणसं त्याच वेळी तुकारामाकडे का वळत होती, आणि त्याला इंग्रजीत नेताना त्यांच्या स्वतःच्या मराठीचं काय होत होतं? प्रश्न चांगला होता. शिवाय तिच्या हाताशी साहित्य होतं. एका निवृत्त शिक्षकांच्या कपाटातले जुने अंक तिने पानन् पान चाळून त्यांची सूची केली होती.

“मराठीचा अभ्यास करायला अमेरिका कशाला?” हा प्रश्न घरी निघाला, गावात निघाला, आमच्या स्टाफरूममध्येही निघाला. त्याचं उत्तर तिच्याकडे तयार होतं आणि ते मला पटलेलं आहे. अमेरिकेने पीएल-४८० कायद्याखाली भारताला धान्य विकलं, त्याची किंमत रुपयांत घेतली आणि ते रुपये भारतातच साठले. १९६२ पासून त्यातला काही पैसा लायब्ररी ऑफ काँग्रेसने दिल्लीतल्या कार्यालयामार्फत भारतीय भाषांतली पुस्तकं घेऊन तिकडच्या विद्यापीठांना पाठवण्यासाठी वापरला. त्यामुळे आपल्याकडच्या अनेक जिल्हा ग्रंथालयांतून केव्हाच बाद झालेली मराठी पुस्तकं तिकडे नीट नोंद होऊन उभी आहेत. मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश आपण मोबाइलवर उघडतो तो शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीच्या कृपेने. कॉर्नेलच्या ग्रंथालयात मुंबईच्या कवींच्या कागदपत्रांचा संग्रह जमवला गेला आहे. तिच्या विषयाला यापेक्षा जवळचं काय असणार? आणि दुसरं कारण पैशाचं होतं. तिथल्या चांगल्या पीएच.डी.त साधारण पाच वर्षं शुल्क माफ असतं, विद्यावेतन मिळतं, बदल्यात पदवीच्या मुलांना शिकवायचं. सीएचबीचं मानधन महिनोन् महिने अडकून राहिलेलं पाहिलेल्या मुलीला हे किती मोठं वाटत असेल ते मला समजतं.

अडचण अशी की मराठीच्या अभ्यासकाला तिथे सरळ दार नाही. इंग्रजी विभाग उमेदवाराकडे कालखंड आणि क्षेत्र या नजरेने पाहतो : व्हिक्टोरियन, आधुनिकतावादी, वसाहतोत्तर. त्यातल्या कोणत्या खणात ही मुलगी बसते हे अर्जावरूनच कळावं लागतं. तुलनात्मक साहित्याच्या विभागाला दोन-तीन भाषांतलं मुळातून वाचन हवं असतं, आणि इंग्रजी-मराठीच्या जोडीला बोलण्यापुरती हिंदी सांगून भागत नाही. दक्षिण आशिया विभागाला भाषेची खोली हवी. मराठीबरोबर संस्कृत, फारसी किंवा उर्दू, मोडी वाचता आली तर उत्तम. तिने तीन अर्ज इंग्रजीत केले, दोन तुलनात्मक साहित्यात, दोन दक्षिण आशियात, आणि तिन्हींसाठी तीन वेगळे एसओपी लिहिले. निवड विचारपूर्वक होती. पण या निवडीचा जाच पुढे झाला. एकाच प्रकारच्या विभागात अर्ज करणाऱ्याला एकच शंका छळते. हिला प्रत्येक दाराशी वेगळी शंका होती : इथे मी फार मराठी दिसले का, तिथे फार इंग्रजी?

कागदपत्रांविषयी थोडक्यात. पंचवीस पानांचा लेखननमुना, त्यात तिने स्वतः केलेली भाषांतरं. फी दर विद्यापीठाला साधारण पाऊणशे ते सव्वाशे डॉलर; दोन ठिकाणी माफ झाली, उरलेल्या पाचांचे मिळून चाळीस हजारांच्या आसपास गेले. शिफारसपत्रांबाबत मात्र थांबून सांगावंसं वाटतं, कारण तो दोष आपल्या शिक्षकांचा आहे. तिच्या एका शिक्षकांनी तिला सांगितलं, “तूच लिहून आण, मी सही करतो.” ही आपल्याकडे रीतच झाली आहे. तिकडचे प्राध्यापक अशी पत्रं वर्षानुवर्षं वाचतात; उमेदवाराच्या एसओपीची आणि शिफारसपत्राची वाक्यं एकाच हातची आहेत हे त्यांना पहिल्या परिच्छेदात कळतं. तिने ते नम्रपणे नाकारलं आणि पत्र दुसऱ्या शिक्षिकेकडून घेतलं. नोव्हेंबरच्या शेवटी असा निर्णय घ्यायला धाडस लागतं.

जानेवारी आणि रात्री

अर्ज गेले आणि पोर्टलवर सातही ठिकाणी एकच ओळ आली : अर्ज विचाराधीन.

भारतातून वाट पाहणाऱ्याची एक वेगळी अडचण असते, ती आधी लक्षात येत नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हिवाळ्यात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. त्यांची कचेरी पाचला बंद होते तेव्हा इथे पहाटेचे साडेतीन. पश्चिम किनाऱ्यावर अर्ज असेल तर आणखी तीन तास पुढे. म्हणजे पत्र येण्याची शक्यता असलेला सगळा वेळ रात्रीचा. सकाळी आठचा तास घ्यायचा, दुपारी घरकाम, संध्याकाळी मुलांच्या शिकवण्या, आणि मग रात्रभर फोन उशाशी. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तिची झोप पार विस्कटली होती. आईला वाटलं मुलगी कोणाशी तरी बोलते. तो गैरसमज दूर करायला मला त्यांच्या घरी जावं लागलं.

याच महिन्यात तिची नेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा होती. त्या परीक्षेलाही इतिहास होता. १८ जून २०२४ ला तिने नेट दिली आणि दुसऱ्याच दिवशी ती परीक्षा देशभर रद्द झाली. फेरपरीक्षा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झाली, त्यात ती थोडक्यात हुकली. डिसेंबर सत्राची परीक्षा जानेवारी २०२५ मध्ये आली. २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशालाही धरले जातात : ज्यांना जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती, मिळालेली नाही त्यांच्यासाठी नेटला ७० टक्के भार, मुलाखतीला ३० टक्के, आणि ते गुण एकच वर्ष चालतात. म्हणजे ही परीक्षा तिच्यासाठी इथल्या वाटेवरचा नाका होती. ती म्हणाली, “मॅडम, मन लागत नाही, या वेळी सोडून देते.” मी तिला सोडू दिली नाही. नेट झाली नाही तरी चालेल, पण त्या पंधरा दिवसांत ज्याचा निकाल स्वतःच्या अभ्यासावर अवलंबून आहे असं एक तरी काम तिच्या हातात असावं, एवढंच माझ्या मनात होतं. माझ्या माहितीत प्रतीक्षेतल्या माणसाला खरा उपयोग होतो तो याचाच. धीर धर, चांगलंच होईल, देवावर सोड, या बोलण्याने तिची एक रात्रही हलकी झाली नव्हती.

जानेवारीच्या शेवटी एका रात्री तिला लेखननमुन्यात चूक सापडली. एका कवितेच्या भाषांतरात एक ओळ गाळली गेली होती. सगळं संपलं असं तिला वाटलं. तिने सातही विभागांना नवी प्रत पाठवायला घेतली. मी तिला एकाच ठिकाणी, तेही विभागाच्या समन्वयकाला, दोन ओळींची ईमेल करायला सांगितलं. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं : फाइल समितीकडे गेली आहे, बदलता येणार नाही, काळजी करू नये. ते उत्तर तिने कितीदा तरी वाचलं. दीड महिन्यानंतर तिकडच्या कोणा माणसाने लिहिलेलं ते पहिलं वाक्य होतं.

तिकडे काय चालू होतं

आता जे तिला दिसत नव्हतं ते. साहित्याच्या बहुतेक विभागांत प्रवेशाची समिती तीन ते पाच प्राध्यापकांची असते. अर्ज शेकड्यांनी, पूर्ण अनुदानित जागा बऱ्याचदा दहाच्या आतबाहेर. प्रत्येक फाइल आधी दोघे वाचतात, मग छोटी यादी होते, मग विषयानुसार ओढाताण : मध्ययुगीनला दोन वर्षं कोणी घेतलं नाही, वसाहतोत्तरमध्ये आधीच गर्दी आहे, अमुक प्राध्यापक पुढच्या वर्षी रजेवर आहेत. विद्यार्थी उत्तम असूनही मार्गदर्शक रजेवर म्हणून मागे पडतो. काही विभाग जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत मुलाखती घेतात. यादी तयार झाली तरी किती जणांना बोलवायचं तो आकडा डीनच्या कार्यालयातून येतो, आणि आकडा म्हणजे पैसा.

२०२५ च्या त्या हंगामात हा आकडाच हलत होता. सुरुवात आधीच झाली होती. बोस्टन विद्यापीठात पीएच.डी. विद्यार्थ्यांच्या संघटनेने जवळजवळ सात महिने संप केला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये वर्षाला किमान ४५,००० डॉलर विद्यावेतनाचा करार मिळवला. पुढच्याच महिन्यात विद्यापीठाने जाहीर केलं की इंग्रजी, इतिहास, तत्त्वज्ञान यांसह मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांतल्या डझनभर पीएच.डी. शाखांत येत्या वर्षी नवे विद्यार्थी घेणार नाही. मग ७ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने संशोधन अनुदानातला अप्रत्यक्ष खर्च १५ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय जाहीर केला. कवितेच्या अभ्यासाचा आणि वैद्यकीय प्रयोगशाळेचा काय संबंध, असं तिने विचारलं. संबंध थेट आहे. त्या अप्रत्यक्ष खर्चातून विद्यापीठाच्या इमारती, वीज, कार्यालयं चालतात; ते घटतील म्हटल्यावर विद्यापीठ सगळीकडचा हात आखडता घेतं, आणि पीएच.डी.च्या नव्या जागा हा सर्वांत लवकर थांबवता येणारा खर्च असतो. कोर्टाने निर्णय रोखला तरी भीती राहिली. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात फेब्रुवारीच्या शेवटी विभागांना ऐन हंगामात प्रवेश कमी करायला सांगितलं गेलं. ७ मार्चला कोलंबियाचं ४० कोटी डॉलरचं केंद्रीय अनुदान रद्द झालं. एप्रिलच्या सुरुवातीला मानव्यविद्यांच्या राष्ट्रीय निधीची अनुदानं एका झटक्यात थांबली.

यातलं काहीही तिच्या अर्जात नव्हतं. तरी तिच्या अर्जाचं भवितव्य मोठ्या प्रमाणात यातच होतं.

मी या बातम्या तिला मुद्दाम वाचायला लावल्या. काही सहकाऱ्यांना ते क्रूर वाटलं. आधीच घाबरलेल्या मुलीला आणखी कशाला घाबरवायचं? परिणाम उलट झाला. “म्हणजे ते माझ्याबद्दल नाही,” असं ती पहिल्यांदा फेब्रुवारीच्या अखेरीला म्हणाली. भीती गेली नाही, पण भीतीचा विषय बदलला. स्वतःच्या लायकीची काळजी करणं आणि एखाद्या विद्यापीठाच्या अंदाजपत्रकाची काळजी करणं यांत फार फरक आहे. दुसऱ्या काळजीत माणूस रात्री झोपू शकतो.

मुलाखत, नकार आणि एक घातक होकार

मुलाखत एकाच विभागाने घेतली, जानेवारीच्या शेवटच्या दिवसांत, तुलनात्मक साहित्याच्या. आपली रात्रीची साडेआठची वेळ. गावात इंटरनेटचा भरवसा नाही म्हणून तिने ती आमच्या महाविद्यालयाच्या संगणक कक्षात दिली. शिपाईमामा तेवढ्यासाठी थांबले. तीन प्राध्यापक होते. त्यांनी सिद्धांतांविषयी फारसं विचारलं नाही. अंक कोणत्या कागदावर आहेत, प्रती किती निघत असतील, वर्गणीदारांची नावं मिळतात का, हे विचारलं. तिची सूची त्यांना पाहायची होती. ती खुलून बोलली. बाहेर आली तेव्हा म्हणाली, “इतका वेळ माझ्या विषयाबद्दल मला कोणी विचारलंच नव्हतं.” हे वाक्य माझ्या मनातून जात नाही, कारण ती दोन वर्षं आमच्याकडे शिकली होती.

फेब्रुवारीत दोन नकार आले, मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आणखी दोन. नकाराचं पत्र सरळ येत नाही. आधी ईमेल येते की तुमच्या अर्जाच्या स्थितीत बदल झाला आहे, मग पोर्टल उघडायचं, पासवर्ड टाकायचा, पत्र उघडायचं. त्या मधल्या मिनिटभराबद्दल ती जे बोलली ते इथे लिहीत नाही. एका नकारात यंदा जागा कमी केल्याचा उल्लेख होता, बाकीच्यांत ठरलेला मजकूर. एका विभागाने मे उजाडेपर्यंत काहीच कळवलं नाही.

मार्चच्या मध्याला दोन पत्रं लागोपाठ आली. एक मुलाखत घेतलेल्या विभागाचं : तुम्ही प्रतीक्षायादीवर आहात, यंदा आमच्या जागा सातावरून चारावर आल्या आहेत, तरी तुमचा अर्ज आम्हाला फार आवडला. दुसरं एका इंग्रजी विभागाचं. त्यात अभिनंदन होतं. पीएच.डी.त घेता येत नाही, पण दोन वर्षांच्या एम.ए.ला प्रवेश देत आहोत. विद्यावेतनाचा उल्लेख नव्हता.

या पत्राबद्दल मला ठामपणे लिहायचं आहे. तीन महिन्यांच्या शांततेनंतर आलेलं हे ‘अभिनंदन’ सर्वांत धोक्याचं असतं. ते होकारासारखं दिसतं, घरात पेढे येतात, गावात बातमी फिरते. हिशेब केला तर शुल्क आणि राहण्याचा खर्च मिळून दोन वर्षांचे साठ-सत्तर लाख. वडिलांनी तीन दिवसांत जमिनीचा उतारा काढून आणला होता. अडीच एकर, त्यावर आधीच सोसायटीचं पीककर्ज. मी त्यांच्याशी बोलले. म्हटलं, साहित्याच्या एम.ए.नंतर तिकडे लगेच हे कर्ज फेडणारी नोकरी मिळत नाही; पुन्हा पीएच.डी.चे अर्ज, पुन्हा ही वाट, आणि आता डोक्यावर व्याज. वडील म्हणाले, “मॅडम, पोरीला नाही म्हणायचं धाडस नाही माझ्यात.” शेवटी नाही ती स्वतःच म्हणाली. ज्या मुलीला चार नकार आले आहेत तिने हातातला एकमेव होकार परत करणं याला मी या सगळ्या प्रकरणातला सर्वांत कठीण आणि सर्वांत योग्य निर्णय मानते. विनाअनुदानित पदव्युत्तर प्रवेश कोणाला लाभतो? ज्याच्या घरी पैसा आहे त्याला. आपल्या मुलांना हे अर्ज करण्याआधीच सांगून ठेवलं पाहिजे, पत्र हातात पडल्यावर ते ऐकण्याच्या स्थितीत कोणीच नसतं.

१५ एप्रिल

अमेरिकेतल्या बहुसंख्य विद्यापीठांनी कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा एक ठराव मान्य केला आहे : आर्थिक साहाय्यासह प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याला १५ एप्रिलच्या आधी उत्तर देण्याची सक्ती करायची नाही. ठराव विद्यार्थ्याच्या भल्याचा आहे. त्याची दुसरी बाजू प्रतीक्षायादीवरचा विद्यार्थी भोगतो. ज्याच्या हातात तीन होकार आहेत तो शेवटच्या दिवसापर्यंत तिन्ही धरून ठेवू शकतो, आणि तोवर मागचे सगळे थांबलेले. म्हणून ज्यांना एकाहून अधिक ठिकाणी प्रवेश मिळाला आहे त्यांना कळकळीने सांगते : जिथे जायचं नाही हे नक्की झालं, तिथे त्याच दिवशी नकार कळवा. तुमच्या एका ईमेलने कोणाची तरी तीन आठवड्यांची झोप परत येते.

तिने यादीवर राहायचं असल्याचं लगेच कळवलं, आणि एप्रिलच्या सुरुवातीला एकदाच, मोजक्या शब्दांत लिहिलं : दरम्यान नेट उत्तीर्ण झाले आहे, सूची पूर्ण होऊन तिच्यावर छोटा लेख लिहिला आहे, प्रवेश मिळाल्यास नक्की येईन. नेटचा निकाल फेब्रुवारीच्या उत्तरार्धात लागला होता. जेआरएफ हुकली, सहायक प्राध्यापक आणि पीएच.डी. या दोन्हींसाठी ती पात्र ठरली. प्रतीक्षायादीवरच्या उमेदवाराने असं एक पत्र जरूर लिहावं. आठवड्याला एक लिहू नये.

१४ एप्रिलला गावात बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक होती आणि ती त्यात होती. १९१३ साली बाबासाहेब कोलंबियाला गेले ते सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, परत येऊन संस्थानची नोकरी करण्याच्या करारावर. परदेशी शिक्षणाला निघालेल्या गरीब घरच्या माणसाचा पहिला प्रश्न तेव्हाही अनुदानाचाच होता. तिच्या वडिलांनी त्या दिवशी घरी हे पुन्हा सगळ्यांना सांगितलं, आणि एम.ए.चं पत्र परत केल्याचा विषय त्यानंतर त्या घरात निघाला नाही.

उत्तर १५ तारखेलाच आलं, आपली मध्यरात्र उलटून गेल्यावर. चारही जणांनी होकार दिला होता, प्रतीक्षायादी बंद. पत्र विभागाच्या प्रवेशप्रमुखांनी स्वतः लिहिलं होतं. तिच्या सूचीचा उल्लेख होता, पुन्हा अर्ज करावा असं सुचवलं होतं, आणि मुंबईच्या कवींवर काम करणाऱ्या दोन अभ्यासकांची नावं दिली होती. तिने दोघांना मे महिन्यात लिहिलं. एकाचं सविस्तर उत्तर आलं.

त्यानंतर

तिच्या ओळखीतल्या एका रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्याच वर्षी प्रवेश मिळाला होता. २७ मे २०२५ ला अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतींच्या नव्या वेळा देणं थांबवलं आणि १८ जूनला समाजमाध्यमांच्या तपासणीची अट घालून पुन्हा सुरू केलं. त्या तीन आठवड्यांत त्याची जी अवस्था झाली ती तिने जवळून पाहिली. होकार मिळाला म्हणजे वाट पाहणं संपलं, हा तिचा समज त्यामुळे गेला.

इथल्या पीएच.डी.साठी तिने जूनमध्ये अर्ज केला. इथेही जागा गुणवत्तेच्या मानाने निघत नाहीत. नियमाप्रमाणे एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार संशोधक असू शकतात; कोणाचा प्रबंध जमा झाला की जागा सुटते. तिच्या विषयाच्या जवळच्या मार्गदर्शकांकडे एक जागा सुटली, मुलाखत झाली, निवड झाली. विषय तोच, लघुअनियतकालिकं. मार्गदर्शकांनी पहिल्याच भेटीत मोडी शिकायला सांगितलं, आणि फेलोशिप नसल्यामुळे सीएचबी चालूच आहे.

अमेरिकेचा विचार तिने सोडलेला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये शिकागो विद्यापीठाने कला आणि मानव्यविद्यांतल्या बऱ्याच पीएच.डी. शाखांचे पुढच्या वर्षाचे प्रवेश थांबवले किंवा घटवले, ही बातमी तिनेच मला पाठवली. या वेळी तिने फी भरण्याआधी, सप्टेंबरमध्येच, तीन विभागांच्या समन्वयकांना तीन प्रश्न विचारले : यंदा प्रवेश देणार आहात का, अनुदानित जागा अंदाजे किती, आणि माझ्या क्षेत्रातले प्राध्यापक विद्यार्थी घेणार आहेत का. हे विचारणं तिथे उद्धटपणाचं मानत नाहीत. आपल्याकडची मुलं उगीच बिचकतात. एका विभागाने यंदा कोणालाही घेणार नसल्याचं कळवलं. दुसरा वर्षाआड घेतो, त्याची पाळी पुढच्या वर्षी. तिसऱ्याने चार जागा आहेत असं सांगितलं आणि तिच्या क्षेत्रातले प्राध्यापक रजेवरून जानेवारीत परतत असल्याचं आपणहून लिहिलं. तिचा अर्ज त्या एकाच ठिकाणी जाणार आहे, आणि फी माफीची विनंती तिने आत्ताच केली आहे.